डमडमचा ताप आणि प्रथिनाचे दर्शन

कोलकाता शहराच्या उत्तरेस, आज जेथे विमानतळ आहे त्या बाजूला, डमडम नावाची जुनी वस्ती आहे. ब्रिटिश अमदानीत येथे लष्कराची छावणी आणि दारूगोळ्याचा कारखाना होता. त्या कारखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाहेर पडलेल्या एका क्रूर गोळीमुळे हे नाव जगाला माहीत झाले. वैद्यकाच्या इतिहासात मात्र डमडमची आठवण वेगळ्या कारणाने राहिली आहे. या छावणीतील शिपायांना एक दीर्घ ताप जडत असे. तो येई, उतरे आणि पुन्हा येई. रोगी दिवसेंदिवस खंगत जाई आणि पोटातील प्लीहा, म्हणजे आपण जिला पाणथरी म्हणतो ती, फुगत जाई. लष्करी डॉक्टर या दुखण्याला ‘डमडमचा ताप’ म्हणत. बंगाल, आसाम आणि बिहारमधील खेडुतांना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. कातडी काळवंडते म्हणून त्यांनी त्याला ‘काला-आजार’ असे नाव दिले होते. उपचार न झाल्यास त्यातून क्वचितच कोणी वाचे.

१९०० साली, डमडमला नोकरी करून परतलेला एक शिपाई इंग्लंडमधील नेटली येथील लष्करी रुग्णालयात या तापाने मरण पावला. तेथील डॉक्टर विल्यम लीशमन यांनी त्याच्या पाणथरीतील रक्ताचा पातळ लेप काचेवर घेतला, त्यास रंग दिला आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यांना असंख्य लंबगोल कण दिसले. प्रत्येक कणात एक मोठा ठिपका आणि शेजारी दांडीसारखा एक लहान ठिपका होता. हे काय असावे याचा विचार करण्यात काळ गेला आणि १९०३ साली त्यांनी आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रास येथे चार्ल्स डोनोव्हन यांनाही तेच कण आढळले. दोघांच्या नावांवरून या परजीवीस ‘लीशमॅनिया डोनोव्हनी’ असे नाव देण्यात आले. तो वाळूमाशीच्या दंशातून माणसाच्या शरीरात शिरतो, हे पुढे १९४२ साली प्रयोगाने सिद्ध झाले.

शत्रू दिसला होता. त्यावर इलाज मात्र हवा होता. अँटिमनी या धातूचे क्षार या रोगावर थोडेफार चालतात, असा अनुभव येऊ लागला होता. सुरमा म्हणून जो काळा दगड आपण ओळखतो, तो मुळात याच धातूचे खनिज होय. परंतु सुरुवातीचे क्षार रोग्याला फार जाचक होत. कलकत्त्याच्या कॅम्पबेल रुग्णालयात डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी एका लहानशा खोलीत, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, अँटिमनीची एकामागून एक नवी संयुगे तयार केली. १९२० साली त्यांना ‘युरिया स्टिबामाइन’ हे औषध गवसले. आसाम आणि बंगालमध्ये या औषधाने असंख्य लोकांचे प्राण वाचविले.

ते औषध परजीवीस मारीत होते, एवढे सर्वांना दिसत होते. ते कसे मारते हे पाहण्याचे साधन मात्र ब्रह्मचारींजवळ नव्हते आणि त्या काळी ते जगात कोणाजवळही नव्हते. आज हे साधन कोणत्याही शाळेतील अथवा ग्रंथालयातील संगणकावर विनामूल्य मिळते. ते कसे वापरावे आणि त्याच्यावर कितपत विसंबावे, हे सांगण्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

सूक्ष्मदर्शकाच्या पलीकडे

लीशमनना दिसलेला कण साधारणपणे तीन मायक्रोमीटर लांबीचा असतो. असे तीनशेहून अधिक कण एका ओळीत मांडले, तर एक मिलिमीटर भरेल. या कणाच्या आत हजारो प्रकारची प्रथिने अहोरात्र काम करीत असतात. त्यांतील एखादे मोठे प्रथिन दहा नॅनोमीटरच्या आसपास भरते. म्हणजे लीशमनच्या एका कणाच्या लांबीत अशी तीनशे प्रथिने ओळीने बसतील. दृश्य प्रकाशाच्या लहरी ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या असतात. इतक्या लांब लहरींनी दहा नॅनोमीटरच्या वस्तूचे बारकावे टिपणे म्हणजे बोटात हातमोजे घालून तांदळाच्या दाण्यावरील रेघ चाचपण्यासारखे आहे.

म्हणून शास्त्रज्ञ क्ष-किरणांचा आश्रय घेतात. त्यांची लहर सुमारे एक अँग्स्ट्रॉम, म्हणजे नॅनोमीटरच्या एकदशांशाइतकी, असते. प्रथम शुद्ध प्रथिनाचा स्फटिक तयार करण्यात येतो. त्यावर क्ष-किरण सोडले म्हणजे ते ठराविक दिशांना विखुरतात आणि ठिपक्यांची एक मांडणी मिळते. या ठिपक्यांच्या तीव्रतेवरून आणि आणखी काही माहितीवरून, स्फटिकात इलेक्ट्रॉन कोठे दाट आणि कोठे विरळ आहेत याचा नकाशा गणिताने काढता येतो. मग त्या नकाशात अणू बसवितात. शेवटी हाती येते ते एक लांबलचक कोष्टक. प्रत्येक ओळीत एका अणूचे नाव, तो कोणत्या अमिनो आम्लातील आहे त्याचा क्रमांक आणि त्याचे स्थान सांगणारे तीन आकडे असतात.

या कोष्टकाचे रूपांतर डोळ्यांना दिसेल अशा वस्तूत करणे हे फार कष्टाचे काम होते. केंब्रिज येथे जॉन केंड्र्यू यांनी मायोग्लोबिन या प्रथिनाची पहिली प्रतिकृती १९५७ साली चिकणमातीसारख्या पदार्थाने घडविली. पुढे अधिक तपशील मिळाल्यावर त्यांना उभ्या सळयांचे एक रानच उभारावे लागले आणि त्यात एकेक अणू टांगावा लागला. १९६२ साली मॅक्स पेरुट्झ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच दशकात अमेरिकेत सायरस लेव्हिन्थॉल यांनी संगणकाच्या पडद्यावर प्रथिनाची रेषाकृती फिरवून दाखविली. १९७१ साली अशी कोष्टके एकत्र ठेवण्यासाठी ‘प्रोटीन डेटा बँक’ स्थापन झाली. आरंभी त्या कोशात केवळ ७ संरचना होत्या; २०२३ साली त्यांची संख्या दोन लाखांच्या पुढे गेली. हा सारा कोश सर्वांसाठी मोफत खुला आहे.

पहिली बैठक

कोष्टक वाचून चित्र काढणाऱ्या संगणक-आज्ञावल्या आज अनेक आहेत. १९९०च्या दशकात ‘रासमोल’ या आज्ञावलीमुळे साध्या घरगुती संगणकावर प्रथिने पाहणे शक्य झाले. आज संशोधक ‘पायमोल’, ‘कायमेरा-एक्स’ अशी साधने वापरतात. नवशिक्याने मात्र ‘मोलस्टार’पासून सुरुवात करावी. ती संगणकावर वेगळी बसवावी लागत नाही. प्रोटीन डेटा बँकेच्या संकेतस्थळावरच ती चालते.

कोशातील प्रत्येक संरचनेस चार अक्षरांची एक खूण असते. संकेतस्थळाच्या शोधचौकटीत रोमन लिपीतून २, डब्ल्यू, शून्य, एच ही खूण लिहावी. तिसरे चिन्ह शून्य आहे, ‘ओ’ हे अक्षर नव्हे, हे ध्यानात ठेवावे. जे पान उघडेल त्यावर संरचना फिरवून पाहण्याचा दुवा असतो. तो दाबला की पडद्यावर रंगीत फितींची एक गुंतवळ दिसू लागते. माऊसची डावी कळ दाबून धरून हात हलविला की ती फिरते, आणि मधले चाक फिरविले की जवळ अथवा दूर जाते. प्रथम पाच मिनिटे काहीही शोधू नये; वस्तू केवळ चोहोंबाजूंनी फिरवून पाहावी. सपाट चित्राला खोली कशी येते हे हाताला कळले पाहिजे.

आपण जे पाहत आहो ते ‘ट्रिपॅनोथायोन रिडक्टेज’ नावाचे विकर आहे. ते लीशमॅनिया इन्फँटम या, भूमध्य समुद्राच्या परिसरात आढळणाऱ्या जातीचे आहे. डमडमच्या तापाच्या परजीवीची ही सख्खी बहीणच म्हणावी. शरीरातील संरक्षक पेशी या परजीवीवर दाहक रसायनांचा मारा करतात. त्या माऱ्यातून वाचण्यासाठी तो ट्रिपॅनोथायोन नावाचे एक गंधकयुक्त संयुग वापरतो. वापरून निकामी झालेले हे संयुग पुन्हा कामास योग्य करणे, हे या विकराचे कार्य होय. विकर बंद पडले की परजीवीची ढाल गळून पडते.

आता चित्राकडे नीट पाहावे. दोन रंग दिसतात, कारण या विकरात दोन सारख्याच साखळ्या एकमेकींस बिलगून असतात. मळसूत्रासारख्या वळणांना कुंडल म्हणतात आणि बाणासारख्या चपट्या फितींना पट्ट म्हणतात. ही फितींची पद्धत १९८१ साली जेन रिचर्डसन यांनी हाताने काढलेल्या चित्रांतून रूढ झाली. प्रथिनात खरोखर फिती नसतात, हे येथेच सांगितले पाहिजे. साखळी कशी वळली हे डोळ्यांस चटकन कळावे म्हणून केलेली ती एक सोय आहे. तेच प्रथिन काड्यांच्या रूपात, गोळ्यांच्या रूपात अथवा बाहेरील पृष्ठभागाच्या रूपातही पाहता येते. काड्यांनी अणूंमधील बंध कळतात, गोळ्यांनी अणूंनी व्यापलेली जागा कळते आणि पृष्ठभागाने खाचा व पोकळ्या कळतात. एकच रूप पाहून थांबू नये.

अँटिमनीचा शोध

चित्राच्या वरच्या बाजूस अमिनो आम्लांची अनुक्रमाने मांडलेली यादी असते. त्यात ‘अ’ साखळी निवडून ५२ क्रमांकाच्या सिस्टीनवर टिचकी मारावी. दृश्य आपोआप तेथे जवळ जाते आणि आजूबाजूचे अणू काड्यांच्या रूपात उघडे होतात. पिवळा रंग गंधकाचा, तांबडा ऑक्सिजनचा आणि निळा नायट्रोजनचा मानण्याची प्रथा आहे. जवळच ५७ क्रमांकाचे दुसरे सिस्टीन दिसेल. या दोन पिवळ्या गंधकांच्या शेजारी एक एकटा, सामान्यतः जांभळट दिसणारा गोळा आहे. तोच अँटिमनीचा अणू.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. ज्या धातूवर ब्रह्मचारींनी दिव्याच्या उजेडात रात्री घालविल्या, तो धातू परजीवीच्या विकरात नेमका कोठे जाऊन बसतो, हे आपण पाहत आहो. इटलीतील संशोधकांनी ही संरचना २००९ साली प्रसिद्ध केली. त्यांना असे आढळले की, अँटिमनीस चार बाजूंनी धरलेले आहे : ५२ आणि ५७ क्रमांकांची सिस्टीने, ३३५ क्रमांकाचे थ्रिओनिन आणि ४६१ क्रमांकाचे हिस्टिडिन. यांपैकी हिस्टिडिन शेजारच्या दुसऱ्या साखळीतून आलेले असते. माऊस अणूवर नेला की कोपऱ्यात त्याचे नाव आणि साखळीचे अक्षर उमटते. त्यावरून ही गोष्ट प्रत्येकाने स्वतः पडताळून पाहावी. हे विकर जोडीनेच का काम करते, याचे उत्तर या एका हिस्टिडिनात मिळते.

यानंतर २, जे, के, ६ या खुणेची संरचना उघडावी. ती त्याच विकराची आहे, परंतु तीत अँटिमनी नाही. पुन्हा ५२ आणि ५७ क्रमांकांकडे जावे. येथे दोन गंधक एकमेकांस बंधाने जोडलेले आहेत. विकर काम करू लागले की हा बंध सुटतो आणि दोन्ही गंधक मोकळे होतात. ट्रिपॅनोथायोनवरील कामाची तयारी ती हीच. नेमक्या याच क्षणी अँटिमनी मध्ये शिरतो आणि दोन्ही गंधकांना पकडून ठेवतो. कुलूप उघडले असताना त्याच्या फटीत खडा अडकावा तशी विकराची गत होते. दोन संरचना शेजारी ठेवून ही तुलना करणे हे या साधनाचे खरे सामर्थ्य होय. एकटे चित्र केवळ दाखविते. दोन चित्रे प्रश्न विचारू लागतात.

चित्र कितपत खरे मानावे

मराठीच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट लवकर शिकावी लागते : भाषांतर कितीही चांगले असले तरी ते मूळ ग्रंथ नव्हे, म्हणून भाषांतरकाराने कोठे काय गृहीत धरले ते पाहावे. पडद्यावरील प्रथिन हेही एक भाषांतरच आहे. मूळ ग्रंथ म्हणजे क्ष-किरणांचे ठिपके. त्यांचा नकाशा झाला, नकाशाचे कोष्टक झाले आणि कोष्टकाचे चित्र झाले.

हे भाषांतर किती बारकाईचे आहे, ते पानावर ‘विभेदन’ या आकड्याने दिलेले असते. आपल्या दोन्ही संरचनांचे विभेदन सुमारे ३ अँग्स्ट्रॉम आहे. आकडा जितका लहान, तितके चित्र सुस्पष्ट. तीन अँग्स्ट्रॉमच्या नकाशात शेजारशेजारचे दोन लहान अणू वेगळे दिसत नाहीत. दोन गंधकांमधील बंध तर सुमारे २ अँग्स्ट्रॉमचा असतो. तेथे रसायनशास्त्राला आधीपासून ठाऊक असलेल्या बंधांच्या लांबीचा आधार घेऊन अणू बसविलेले असतात. म्हणून मोजपट्टीचे साधन वापरून दोन अणूंमधील अंतर मोजले आणि त्यात दशांशचिन्हापुढे दोन आकडे आले, तरी त्या आकड्यांवर फार भार टाकू नये. अँटिमनीच्या बाबतीत मात्र एक दिलासा आहे. कार्बनच्या अणूत ६ आणि गंधकाच्या अणूत १६ इलेक्ट्रॉन असतात, तर अँटिमनीच्या अणूत ५१. त्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या नकाशात तो दाट दिव्यासारखा उठून दिसतो.

संरचनेच्या पानावर तपासणीचा एक अहवालही असतो. त्यात ‘रामचंद्रन आलेख’ हे नाव आढळेल. प्रथिनाच्या साखळीची कोणती वळणे शक्य आणि कोणती अशक्य, हे १९६३ साली मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी दाखवून दिले. आजही जगातील संशोधक आपली संरचना या भारतीय कसोटीवर घासून पाहतात. आणखी एक सावधगिरी बाळगावी. अलीकडे संगणकाने केवळ अनुमानाने वर्तविलेल्या संरचनाही मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत आणि या कार्यास २०२४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या उपयुक्त आहेत. परंतु प्रयोगातून आलेली संरचना आणि अनुमानातून आलेली संरचना यांतील भेद, चित्र उघडतानाच पाहून ठेवावा.

जे चित्रात नाही

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. अँटिमनी विकरास इतके घट्ट धरीत असेल, तर काला-आजाराचा प्रश्न केव्हाच सुटावयास हवा होता. तसे घडले नाही. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत बिहारमध्ये अँटिमनीची औषधे निष्फळ होऊ लागली. काही जिल्ह्यांत तर अर्ध्याहून अधिक रोग्यांना त्यांनी गुण येईना. आठवडेच्या आठवडे वेदनादायक इंजेक्शने घेऊनही ताप परत येई. पडद्यावरचा जांभळट गोळा या गोष्टीचा खुलासा करीत नाही. अँटिमनी विकरापर्यंत पोहोचल्यावर काय होते, एवढेच ते चित्र सांगते. तो पोहोचतो की नाही, हे त्यात नाही. औषधाला न जुमानणाऱ्या परजीवींच्या अभ्यासातून असे आढळले की, काहींमध्ये अँटिमनी आत घेणारी वाट बिघडलेली असते आणि काही आत आलेले औषध बाहेर लोटतात. किल्ल्याचे दारच बंद असेल, तर आतल्या कुलपाचे वर्णन कितीही अचूक असून उपयोग काय?

शिवाय अँटिमनी गंधकाच्या मागे लागतो आणि गंधक तर माणसाच्या प्रथिनांतही आहे. म्हणूनच हे औषध रोग्याच्या हृदयावरही घाला घाली. भारतात आता या रोगावर प्रामुख्याने अँफोटेरिसिन हे औषध मेदाच्या सूक्ष्म कणांत गुंडाळून देण्यात येते. शेजारच्या बांगलादेशात हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपुष्टात आल्याचे २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.

तरीही परजीवीस लागू पडेल आणि माणसास अपाय करणार नाही अशा नव्या औषधांचा शोध चालूच आहे, आणि त्यात हे चित्र कामास येते. ज्यांची उमेद टिकून असेल त्यांनी शेवटचा एक प्रयोग करावा. ३, जी, आर, एस ही खूण लिहावी. हे माणसाच्या रक्तपेशीतील ग्लुटाथायोन रिडक्टेज होय. ते आपल्या शरीरात जवळजवळ तेच काम करते आणि त्याची घडणही परजीवीच्या विकरासारखीच आहे. त्याचे विभेदन १.५४ अँग्स्ट्रॉम आहे. म्हणजे हे भाषांतर पुष्कळ बारकाईचे. दोन्ही विकरांचा पृष्ठभाग दाखवून त्यांच्या मुख्य खाचा पाहाव्या. परजीवीच्या विकराची खाच अधिक रुंद आणि ऋण विद्युत्‌भाराची असते. माणसाच्या विकराची अरुंद आणि धन भाराची असते. एका खाचेत बसेल आणि दुसरीत बसणार नाही असा रेणू रचणे, हे औषधशोधकांचे एक ध्येय आहे. खाचेतील हा फरक पाहण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. ग्रंथालयाच्या वाचनकक्षातील एक संगणक पुरे.

डमडमच्या त्या शिपायाचे नाव या हकिकतीत कोठेही आलेले नाही. त्याच्या पाणथरीतील रक्ताचा एक थेंब मात्र काचेवर रंगविला गेला, म्हणून त्याला मारणारा प्राणी माणसाला प्रथम दिसला. आज त्या प्राण्याच्या पोटातील एका विकराचा एकेक अणू आपणास दिसतो. शिक्षकांनी वर्गात हे चित्र दाखविताना विद्यार्थ्यांस दोन प्रश्न जरूर विचारावे : येथे काय दिसते? आणि जे दिसते, ते आपणास कशावरून कळले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पडद्यावर मिळेल. दुसऱ्याचे उत्तर शोधू लागणारा विद्यार्थी विज्ञानाच्या वाटेवर पहिले पाऊल टाकून चुकला, असे समजण्यास हरकत नाही.